राखणीचे पैसे दोनदा: उस्मानी अमलातलं अल-अहसा, 1871 ते 1913

वाळवंटातल्या टोळ्या आणि मरूद्यानातली गावं यांच्या भांडणाबद्दल वाचताना एक ठरलेलं चित्र समोर येतं. एका बाजूला घाम गाळणारा बागायतदार, दुसऱ्या बाजूला उंटावरून येऊन लूट नेणारा बेदुइन, आणि मध्ये सुव्यवस्था आणू पाहणारं, पण हात तोकडे पडणारं सरकार. अल-अहसाचा उस्मानी, म्हणजे तुर्की ऑटोमन साम्राज्याचा, काळ जवळून पाहिला की हे चित्र टिकत नाही. तिथे लूट झाली, माणसं मेली, बागा उजाड झाल्या, यात वाद नाही. पण भांडणाचं मूळ राखणीच्या व्यवहारात होतं. रस्त्याची आणि बागेची राखण कोण करणार, आणि तिचे पैसे कोण घेणार? उस्मानी सरकारने हे पैसे स्वतःकडे वळवले, राखण मात्र केली नाही. शहरातला माणूस सरकारला देत राहिला आणि टोळीलाही देत राहिला. चाळीस वर्षं हे चाललं आणि शेवटी त्याने तिसऱ्यालाच दार उघडलं.

अल-अहसा आजच्या सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे. उकैर हे त्याचं जुनं बंदर; मरूद्यान तिथून साधारण 70 किलोमीटर आत. जमिनीतून आपोआप उसळणाऱ्या झऱ्यांवर हा सगळा प्रदेश उभा राहिला: उम्म सबआ, अल-खुदूद, अल-हकल अशी त्यांची नावं. पाणी पाटांनी, पाळीपाळीने बागांत फिरायचं, आणि वरच्या बागेतून निथळलेलं पाणी खालच्या शेताला जायचं. खजुराखेरीज इथे तांबडा भातही पिकतो. 2018 मध्ये युनेस्कोने या मरूद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा झाडांची संख्या सुमारे 25 लाख दिली होती. हुफूफ आणि मुबर्रझ ही दोन मोठी गावं, बाकी बागांमध्ये विखुरलेली खेडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश नोंदी एकट्या हुफूफची वस्ती 25,000 च्या आसपास धरतात. हुफूफचे तीन भाग होते: कूत, रिफाआ आणि नआथिल. कूतला स्वतंत्र तट होता. त्याच्या आत इब्राहिमचा किल्ला, मशीद, कोठारं आणि सरकारी शिबंदी. बाहेर बाजार, आणि दर गुरुवारी मोठा आठवडी बाजार.

या समाजाला एकजिनसी समजून चालणार नाही. बागांचे मोठे मालक आणि व्यापारी यांच्यात सुन्नी घराण्यांचं वजन होतं, तर खेड्यांत राबणारे शेतकरी, विणकर आणि कारागीर यांत शिया मोठ्या संख्येने होते. हुफूफचे झगे, म्हणजे उंटाच्या केसांचे आणि लोकरीचे जरीकाठी बिश्त, सगळ्या आखातात नावाजलेले होते. कॉफीची पितळी-तांब्याची भांडी आणि उंटांची खोगिरंही इथेच बनत. खजूर बाहेर जायचा, तर तांदूळ आणि कापड हिंदुस्थानातून बहारीनमार्गे यायचं. व्यवहारात मारिया थेरेसाच्या चांदीच्या नाण्यासोबत आपला रुपयाही चाले. म्हणजे उकैरचा रस्ता बंद पडला, तर मुंबईहून बहारीनला उतरलेला माल तिथेच अडकून पडायचा.

आता दुसरी बाजू. अहसाच्या भोवती अजमान, आल मुर्रा, बनी हाजर या टोळ्या फिरत. पाऊस पडला की हिवाळ्यात त्या कळप घेऊन दूर कुरणांकडे जात. उन्हाळ्यात कुरणं करपली की विहिरींपाशी आणि मरूद्यानांच्या कडेला परतत. खजूर उतरण्याचा हंगाम नेमका हाच. वर्षभर पुरेल इतका खजूर, तांदूळ, कापड, कॉफी आणि बंदुकीची दारू त्यांना याच काळात घ्यायची असे. बदल्यात ते उंट, मेंढ्या, तूप आणि लोकर आणत. शहराला उंटांशिवाय मालवाहतूकच शक्य नव्हती, आणि उंट टोळ्यांकडे होते. दोघांचंही एकमेकांवाचून अडत होतं. ही गोष्ट नजरेआड केली की पुढचं काहीच नीट कळत नाही.

या अवलंबनाला बांधून ठेवणारा एक जुना करार होता. कमजोर बाजू बलवान टोळीला ठरलेला हिस्सा देई, त्याला खुव्वा म्हणत. तो स्वीकारला की त्या टोळीने स्वतः हात लावायचा नाही आणि दुसऱ्या टोळीने लुटलं तर माल परत मिळवून द्यायचा. मराठी वाचकाला चौथाई आठवेल, आणि ते साम्य बऱ्याच अंशी खरं आहे: धमकी आणि संरक्षण एकाच हाताने दिलं जात होतं. प्रवासासाठी याहून साधी सोय होती. ज्या टोळीच्या मुलखातून जायचं, तिचा एक माणूस सोबतीला घ्यायचा. तो सोबत असताना त्याच्या टोळीतल्या कोणी तांडा लुटला तर ती संपूर्ण टोळीची बेअब्रू. हा माणूस, रफीक, म्हणजे चालताबोलता परवाना होता.

करार मोडला की टोळीच्या हातात दोन अस्त्रं होती. एक, रस्ता अडवणं. दुसरं जास्त क्रूर: बागेत शिरून खजुराची झाडं तोडणं. नव्याने लावलेल्या रोपाला फळ धरायला कित्येक वर्षं लागतात. तलवारीने मेलेल्या माणसासाठी खूनबहा, म्हणजे खुनाची भरपाई, मागता येतो, पण उजाड झालेली बाग एका पिढीचं उत्पन्न घेऊन जाते. म्हणून शहरवासी बहुतेक वेळा लढाईऐवजी देण्याघेण्याचा मार्ग धरायचे. ही भित्रेपणाची खूण मानणाऱ्या परदेशी प्रवाशांशी मी सहमत नाही. झाड पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उस्मानी सत्ता इथे नवी नव्हती. सोळाव्या शतकाच्या मध्याला ती एकदा आली होती आणि 1670 च्या सुमारास बनी खालिद टोळीने तिला हुसकावलं. त्यानंतर बनी खालिद, मग सौदी घराणं, मध्ये इजिप्तचं सैन्य, पुन्हा सौदी असे मालक बदलत गेले. रियाधचा फैसल बिन तुर्की हा टोळ्यांना धाकात ठेवणारा शेवटचा. त्याच्याच काळात, 1861 मध्ये, त्याचा मुलगा अब्दुल्ला याने अजमानांना कुवेतजवळ जहराच्या किनाऱ्यावर गाठलं आणि समुद्रात रेटलं. अनेक जण बुडून मेले. अजमानांच्या आठवणीत ही जखम दीर्घकाळ ओली राहिली.

1865 मध्ये फैसल वारला आणि अब्दुल्ला व सऊद या भावांत यादवी पेटली. अजमान कोणाच्या बाजूला जाणार हे सांगायला नको. 1870 च्या अखेरीस जुदाच्या लढाईत सऊदने अजमानांच्या बळावर भावाच्या फौजेला हरवलं आणि अहसा घेतलं. पराभूत अब्दुल्लाने बगदादकडे मदत मागितली. तिथे सुभेदार होता मिदहत पाशा, उस्मानी सुधारणांचा सर्वांत उत्साही माणूस. त्याला निमित्तच हवं होतं. 1871 च्या वसंतात नाफिझ पाशाच्या हाताखाली काही हजारांची फौज बसऱ्याहून निघाली. कुवेतच्या शेख अब्दुल्ला अस-सबाहने गलबतं दिली. फौज रास तनूराला उतरली, कतीफ घेतलं आणि भर उन्हाळ्यात हुफूफमध्ये शिरली. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होता, त्यामुळे या मोहिमेची चिंता मुंबईच्या कचेरीतही उमटली.

शहराने या फौजेचं स्वागत केलं, यात आश्चर्य नाही. यादवीत दोन्ही भावांनी बागांवर वसुली बसवली होती, आणि शिया शेतकऱ्यांना रियाधच्या कडव्या धर्ममतापासून सुटका हवी होती. मिदहत पाशाने धर्माने सांगितलेल्या दशांशापलीकडचे जाचक कर उठवण्याचं आश्वासन दिलं. तो स्वतः वर्षअखेरीस पाहणीला आला. नवीन जिल्ह्याला नजदचं, म्हणजे रियाधभोवतालच्या मध्य अरबस्तानाचं, नाव मिळालं, मुतसर्रिफ म्हणजे जिल्हाधिकारी नेमला गेला, सौदी घराण्याच्या बागा सरकारजमा झाल्या. कागदावर सगळं सुबक होतं.

व्यवहारात पहिली चूक हिशेबातच झाली. मिदहतला वाटत होतं की खजुराच्या उत्पन्नावर प्रांत स्वतःचा खर्च भागवेल. पण दूरच्या शिबंदीचा पगार, धान्य, जहाजं आणि तापाने आजारी पडणारे शिपाई यांचा खर्च उत्पन्नाला पेलवेना. 1872 मध्ये मिदहतची बदली झाली आणि या प्रांताचा खरा वाली गेला. 1874 मध्ये बगदादने स्वस्तातला उपाय काढला: नियमित फौज बरीचशी काढून घेतली आणि कारभार बनी खालिदच्या जुन्या राजघराण्यातल्या शेखाकडे सोपवला. विचार असा की स्थानिक माणूस टोळ्यांना आवरेल. पण दोनशे वर्षांपूर्वीची बनी खालिदची जरब आता कुठे शिल्लक होती? अजमानांच्या दृष्टीने तर हा सरळ अपमान होता. प्रतिस्पर्धी टोळीच्या माणसाने त्यांच्याकडून जकात मागायची!

त्या वर्षअखेरीस जे घडलं ते या प्रकरणाचा गाभा आहे. सऊदचा धाकटा भाऊ अब्दुर्रहमान बगदादच्या नजरकैदेतून सुटून बहारीनमार्गे आला. अजमान आणि आल मुर्रा त्याच्याभोवती जमले. त्यांनी हुफूफला वेढा घातला, आणि शहरातलेही बरेच लोक त्यांना सामील झाले. ज्या शहराने तीन वर्षांपूर्वी उस्मानी फौजेसाठी दारं उघडली, तेच शहर आता तिला कूतमध्ये कोंडणाऱ्यांना साथ देत होतं. टोळी विरुद्ध शहर ही मांडणी इथेच कोलमडते. शहरवाल्यांनी अजमानांवर प्रेम जडलं म्हणून बाजू बदलली नाही. कर भरूनही बागा सुरक्षित नाहीत हे त्यांनी पाहिलं आणि जो जवळ आहे, ज्याच्या हातात बागेची मान आहे, त्याच्याशी जमवून घेतलं.

सुटकेसाठी बगदादने पाठवला नासिर पाशा अस-सअदून, म्हणजे इराकच्या मुंतफिक टोळीसंघाचा मुख्य. म्हणजे अहसाच्या टोळ्यांना दाबायला दुसरी टोळी. त्याच्या फौजेने वेढा उठवला, अब्दुर्रहमान रियाधकडे पळाला, टोळ्या वाळवंटात पांगल्या. त्यांचे तंबू आणि उंट पाठलागाच्या टप्प्याबाहेर गेले. शिक्षा कोणाला करणार? जे जागचे हलू शकत नव्हते त्यांना. हुफूफची लूट झाली. ती सरकारच्या नावाने आलेल्या फौजेने केली, आणि लुटली गेलेली ती सरकारचीच करदाती प्रजा होती. नासिर पाशा मुलाला कारभारी ठेवून परतला आणि 1875 मध्ये नव्या बसरा प्रांताचा सुभेदार झाला.

या लुटीचा परिणाम पुढच्या चार दशकांवर पडला असं माझं मत आहे. त्यानंतर शहरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाने सरकारच्या रक्षणावर भरवसा ठेवल्याचं दिसत नाही. अर्ज मात्र ते करत राहिले: रस्ता असुरक्षित आहे, शिपाई द्या, अमुक मुतसर्रिफ लाचखोर आहे, त्याला बदला. मुतसर्रिफ बदलतही राहिले, आणि तेही भराभर.

दुसऱ्या बाजूची हकिगतही सांगायला हवी, कारण सरकारी दप्तरांत टोळ्यांचं नाव फक्त गुन्ह्याच्या निमित्ताने येतं. अजमानांचा शेख राकान बिन हिथलैन हा नामांकित योद्धा आणि कवी. उस्मानींनी त्याला पकडून दूर बाल्कनमध्ये कैदेत ठेवलं. हमझा नावाच्या पहारेकऱ्याला उद्देशून त्याने केलेली कविता अरबस्तानात आजही म्हटली जाते. 1877 च्या रशिया-तुर्की युद्धात शौर्य दाखवून त्याने सुटका मिळवली अशी परंपरा आहे. घरापासून तोडल्या गेलेल्या त्या म्हाताऱ्या सरदाराकडे नुसता दरोडेखोर म्हणून पाहणं मला जमत नाही. त्याच्या लोकांच्या दृष्टीने विहिरी, कुरणं आणि रस्ते पिढ्यांपासून त्यांचे होते. बसऱ्याहून आलेला एक अधिकारी त्याच रस्त्यावर जकातनाका बसवतो आणि त्यांना वाटमारे ठरवतो, हे त्यांना का पटावं?

उकैरचा रस्ता हे रोजच्या संघर्षाचं ठिकाण. वाळूच्या टेकड्यांतून जाणारी ही वाट तांड्याला दोनेक मुक्कामांची. सरकार ठराविक काळाने शिपायांच्या सोबतीने मोठा तांडा काढायचं. व्यापारी, यात्रेकरू, टपाल, पगाराचे पैसे सगळं त्यातच. खाजगी तांडा एकट्याने निघाला तर रफीक घ्यावाच लागे. सरकारने शेखांना वर्षासन लावून रस्त्याची हमी मागितली. कल्पना शहाणपणाची होती, कारण ती जुन्या कराराला धरून होती. पण वर्षासन वेळेवर पोहोचत नसे. थकलं की शेख हमी मागे घेई, आणि पुढचा तांडा लुटला गेला की सरकार रागावून वर्षासनच बंद करी. शिपायांचेही पगार महिनोन्महिने तुंबलेले असत. ज्याला स्वतःचा पगार मिळत नाही तो दुसऱ्याच्या खजुराच्या पोत्यांसाठी गोळी का झेलेल?

व्यापाऱ्याचा खर्च मग असा होई: बागेवर दशांश, बंदरावर जकात, आणि वाटेत रफीकचा मोबदला व टोळीचा हिस्सा. सरकारला दिलेल्या पैशाची पावती मिळे, राखण मिळत नसे. टोळीला दिलेल्या पैशाची पावती नसे, पण माल बहुतेक वेळा पोहोचे. कोणता पैसा वसूल झाला हे व्यापाऱ्याला कोणी समजावण्याची गरज नव्हती. उन्हाळ्यात टोळ्या शहराबाहेर उतरल्या की ताण टोकाला जाई. बाजारात उधारी, वजनमाप, चोरलेला उंट अशा किरकोळ कारणावरून हाणामारी पेटे, कूतचे दरवाजे बंद होत आणि तटाबाहेरच्या बागांचा वाली कोणीच उरत नसे. 1912 मध्ये डॅनिश प्रवासी बार्कले राउंकिएर रियाधहून हुफूफला आला आणि पुढे अशाच मोठ्या तांड्यासोबत उकैरला गेला. तोवर उस्मानी हुकमत कूतच्या तटाबाहेर फारशी उरलेली नव्हती.

दरम्यान 1902 मध्ये त्याच अब्दुर्रहमानच्या मुलाने, अब्दुल अझीझने, रियाध परत घेतलं होतं. दशकभरात नजद त्याच्या हाती आलं. बाल्कन युद्धात गुंतलेल्या उस्मानींनी अहसातली शिबंदी कमी केली होती. 1913 च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रात्री अब्दुल अझीझची माणसं कूतचा तट चढून आत उतरली. किल्ल्यातल्या सुमारे 1,200 शिपायांना शस्त्रांसह उकैरकडे जाऊ दिलं गेलं. प्रतिकार जवळजवळ झाला नाही. शहरातली सुन्नी घराणी अनुकूल होतीच. शियांची भीती खरी होती, कारण रियाधचं धर्ममत त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांचे धर्मगुरू शेख मूसा बू खमसीन यांनी धर्माचरणाला हात न लावण्याच्या बोलीवर नव्या सत्तेशी समझोता केला. जीव, माल आणि रस्ता सुरक्षित राहील या आशेवर एवढी मोठी जोखीम घेतली गेली. चार दशकांच्या दुहेरी वसुलीने लोक किती गांजले होते याचा याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

सुलतानाने मे 1914 मध्ये अब्दुल अझीझला नजदचा वाली मानून हा बदल कागदावर मान्य केला. अहसाचा कारभार अब्दुल अझीझने वडिलांचा चुलतभाऊ अब्दुल्ला बिन जिलुवी याच्याकडे दिला. बिन जिलुवीच्या शिक्षा कठोर होत्या आणि तात्काळ होत. तांड्यांकडून खुव्वा घेणं बंद करण्यात आलं. रस्ता मोकळा झाला, आणि टोळ्यांचं जुनं उत्पन्न एका फटक्यात गेलं. याबद्दल त्यांना काय मिळणार, हा प्रश्न नव्या राजानेही विचारला नाही.

उत्तर दोन वर्षांत आलं. 1915 च्या उन्हाळ्यात अहसातच, किन्झानच्या लढाईत, अजमानांनी अब्दुल अझीझला हरवलं. त्याचा सख्खा भाऊ सअद मारला गेला, तो स्वतः जखमी झाला आणि हुफूफच्या तटाआड अडकून पडला. बाहेर अजमान बागा उजाड करत राहिले. 1874 मध्ये त्याच्या वडिलांनी याच अजमानांना घेऊन याच तटाला वेढा घातला होता. कुवेतच्या शेख मुबारकने मुलगा सालिम याला कुमक देऊन पाठवलं, तेव्हा कुठे अजमान उत्तरेला हटले, आणि पुढे त्यांना आसरा मिळाला तोही कुवेतच्याच बाजूला. नंतर त्यांच्यातले अनेक जण अब्दुल अझीझच्या इख्वान वसाहतींत, म्हणजे कडव्या धर्ममताच्या टोळीवाल्यांसाठी वसवलेल्या गावांत, स्थिरावले. मे 1929 मध्ये त्यांचा शेख धैदान बिन हिथलैन बोलणी करायला गेला असताना अब्दुल्ला बिन जिलुवीचा मुलगा फहद याच्या छावणीत मारला गेला, आणि त्या गोंधळात फहदही अजमानांच्या हातून मेला.